सुमनआजीचा पितळी गंज

ईरा, निहार,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. आता सांगते आहे, कारण परवा ईराने फोनवर विचारलं, "आजी, नव्या घरात ओट्याखाली बसणारा डिशवॉशर घ्यायचाय आणि निवडायचं काम माझ्याकडे आलंय. तू तुझा कसा निवडलास?" मी म्हटलं, लिहून कळवते. लिहायला बसले तर मापं आठवली, कप्पे आठवले — आणि त्यांच्या मागे ठेवून दिलेलं दुसरंही.

तुम्ही लहानपणी सुट्टीत भंडाऱ्याला यायचात तेव्हा मी केवढी तयारी करायची! टॉवेल वेगळे, उशा वेगळ्या. तुमची नावं छापलेले मग खास नागपूरहून करून आणले होते. आणि तुम्ही? ते मग टेबलावर तसेच टाकून मागच्या अंगणात पळायचात — माझ्या धाकट्या जावेकडे, तुमच्या सुमनआजीकडे. ती मोरीपाशी पाटावर बसून भांडी घासायची आणि तुम्ही दोघं तिच्यासमोर उकिडवे. तिचं ते उभट पातेलं, तो पितळी गंज, तिच्या आईने आसगावहून लग्नात दिलेला, चिंचेने घासून चमकला की तुम्ही ओरडायचात, "सोन्याचा गंज!" मग त्याच गंजात दूधभात कालवून ती तुम्हाला भरवायची. एकदा मी कालवला. निहार म्हणाला, "हा वेगळा लागतो." लहान होता तो. मला ते किती लागलं, हे कुणाला कळणार होतं?

मत्सर. हा शब्द मी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना शिकवला — इंग्रजीत आणि मराठीतही. स्वतःला कधी लावून पाहिला नाही.

पुढे स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं. सुमनचे हात पाण्याने फुटतात, तेव्हा भांड्यांचं मशीन घेऊ — हे मीच सुचवलं. खोटं नव्हतं ते, हात फुटायचेच. पण मी ते तिच्या हातांसाठी घेत होते का?

दुकानात मी सगळं विचारलं. खालच्या कप्प्यात कढई बसेल का, आपल्या बोअरच्या जड पाण्यासाठी मीठ कुठे घालायचं, दाराला कपाटांसारखीच फळी लागेल ना. शेवटी विचारलं, पितळ चालेल का? दुकानदार हसला. "मॅडम, भंडाऱ्याचे लोकं पहिले हेच विचारतात. पितळ नका टाकू. कल्हईचं भांडं तं बिलकुलच नाही." घरी येऊन मी पुस्तिका वाचली. तिथेही तेच होतं, इंग्रजीत. सुमनला इंग्रजी येत नाही.

आता तिथे येते — इतका वेळ टाळत होते.

तुम्ही यायच्या थोडे दिवस आधीची दुपार. सुमन मशीनचं दार उघडून उभी होती, हातात गंज.

"बाई, हा टाकू का याच्यात? काही होनार तं नाही नं?"

मी पेपरातून मान वर केली. गंज पाहिला. म्हणाले, "टाक नं. सारंच चालते त्यात."

आणि उठून बटण मीच दाबलं.

आत पाणी फिरत होतं, मी ऐकत बसले होते. मशीन मध्येच थांबवता येतं. तेही पुस्तिकेत होतं.

गंज बाहेर आला तो तांबूस, काळ्या डागांचा. आतली कल्हई काळवंडलेली. सुमनने पदराने पुसला, मग चिंच लावली, मग लिंबू-मीठ. ती मला बोलेल, असं वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं का? ती म्हणाली, "मीच साबन जास्त टाकली अशीन. मले का समजते मशीनचं! तुमी शिकेल बाई, तुमाले विचारलं, तरी माह्या हातानंच नासला."

आणि मी — मी तिला माफ केलं. "असू दे, होते असं," म्हणाले.

मग तुम्ही आलात. गंज दिसला नाही, मोरीवर भांडी नव्हती. तुम्ही टेबलाशी बसून मगमधून दूध प्यायलात. मी समोर बसून पाहत होते. मला आनंद झाला — हेही सांगायलाच हवं. सुमन दाराशी उभी होती.

त्यानंतर तिने मशीनला हात लावलेला नाही. आपलं ताट ती बाहेरच्या नळावर घासते. कुणी पाहुणी गंजाबद्दल विचारते, तेव्हा सुमन हसून सांगते, "माह्या अडानीपनानं गेला." मी तिथेच असते. चहा ओतत असते.

ईरा, खालचा कप्पा खोल असलेलं घे. आमचं मशीन चांगलं चालतं. तुमचे मग अजून नव्यासारखे आहेत, टवकासुद्धा उडालेला नाही. गंज सुमनच्या खोलीत फळीवर आहे, डाग भिंतीकडे केलेले. बुडाजवळ कोरलेलं तिच्या आईचं नाव अजून वाचता येतं.