कोरडं फडकं

मोटारीच्या धंद्यात माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जुने नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट मी गॅरेज सोडताना तिथेच ठेवून आलो. किस्से मात्र बरोबर आले, आणि चार माणसं चहाला बसली की एकेक बाहेर पडतो. ऐकणारे हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू का, यातला एकही किस्सा घडत असताना मी हसलेलो नाही. तेव्हा माझी बोबडी वळलेली होती.

कारण मला दरीची भीती वाटायची. घाटात गाडी चालवून पोट भरणारा माणूस आणि दरीला भिणारा! रस्त्याची एक बाजू रिकामी दिसली की माझे पाय गार पडायचे, आणि ड्रायव्हरचे पाय कुठे असतात ते तुम्हाला माहीत आहे. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. कुठून तरी अण्णांच्या कानावर गेलं असतं तर नोकरी गेली असती.

अण्णा म्हणजे आमचे मालक. आज नाशकातल्या द्वारका चौकात जिथे रहदारीतून वाट काढता येत नाही, त्याच बाजूला एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. भाड्याच्या दोन उघड्या मोटारी, वर कापडी टप. ड्रायव्हर दोघेच, कासमचाचा आणि मी. थंडी पडली आणि नाताळची सुट्टी जवळ आली की नाशकातली बरी बरी मंडळी गॅरेजात यायची. मागणी सगळ्यांची एकच. "डोंगर दिसले पाहिजेत, झाडी दिसली पाहिजे, पण रस्ता सोपा हवा. बरोबर बायकामुलं आहेत."

आता आमच्याकडचे डोंगरातले रस्ते म्हणजे मुरूम, माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. त्यातला सोपा कुठला ते कोण सांगणार? ते कासमचाचांचा तांब्या सांगायचा.

* * *

चाचांची पद्धत अशी होती. सुट्टीच्या आधी रिकामी गाडी घेऊन रस्ता पाहून यायचं. घाटाच्या पायथ्याशी पितळेचा तांब्या काठोकाठ भरायचा, तोंडावर कोरडं फडकं बांधायचं आणि तो सीटवर दोन पोत्यांच्या मध्ये बसवायचा. वर पोचलं की फडकं पाहायचं. कोरडं राहिलं तर तो रस्ता आज्या आणि लेकरांचा. मधोमध भिजलं तर तरुण जोडप्यांचा. आणि पिळता आलं तर? चाचा म्हणायचे, "तो रस्ता वकीलसाहेबांचा. मृत्युपत्र घरचं घरी लिहून निघतील."

पहिल्यांदा आम्ही दोघं पेठच्या बाजूला रस्ता पाहायला गेलो तेव्हा गाडी माझ्याकडे होती. पहिल्याच वळणावर डाव्या हाताची जमीन संपली. मी स्टिअरिंग आवळून धरलं. चाचांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता हे अण्णांना सांगणार.

चाचा एवढंच म्हणाले, "दत्तू, तिकडे कशाला बघतोस? रस्ता बघ, नाहीतर तांब्या बघ. पाणी सांडलं तर माझ्याशी गाठ आहे."

मग मी एक डोळा रस्त्यावर आणि एक तांब्यावर ठेवून अख्खा घाट चढलो. वर पोचलो तेव्हा फडकं कोरडं होतं. पौषातली थंडी होती, आणि माझा सदरा मात्र पिळता आला असता.

* * *

पुढच्याच सुट्टीत एक निवृत्त मामलेदार आले. ते, त्यांच्या बाई, दोन मुली आणि ऐकू कमी येणारी म्हातारी आई. रस्ता आम्ही पाहिलेला होता, फडकं कोरडं होतं, काळजी नव्हती.

पण मामलेदारांना वाटेत प्रत्येक गावात ओळखीचं कुणी ना कुणी भेटायचं. इथे हुरडा खा, तिथे देवळात जा, असं करत आम्ही बरंच आडवंतिडवं फिरलो. घाटाच्या मध्यावर चढ उभा झाला आणि गाडी गप्प बसली. त्या गाड्यांची पेट्रोलची टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल इंजिनाकडे नुसतं उतारानं जायचं. टाकी भरलेली असली तर प्रश्न नाही. निम्मी झाली आणि चढ लागला की इंजिन वर आणि पेट्रोल खाली! रस्ता पाहायला गेलो तेव्हा टाकी भरलेली होती, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

यावर उपाय एकच असतो. गाडी फिरवायची आणि घाट उलटा, रिव्हर्समध्ये चढायचा. चाचा मान मागे वळवून गाडी चढवत होते. चाकाखाली टाकायला दगड हातात घेऊन मी दरीच्या कडेनं चाललो होतो. दर चार पावलांनी मला वाटायचं, दगड टाकायची वेळ आली तर माझे हात हलणार नाहीत. आणि गाडीतल्या मंडळींच्या समोर, चढून आलो ती सगळी दरी उघडी पडलेली. मुली रडायला लागल्या. बाईंनी मामलेदारांचं मनगट धरलं आणि मामलेदारांनी टपाचा दांडा.

तेवढ्यात म्हातारी खूश होऊन म्हणाली, "ही गाडी शहाणी आहे हो. तोंड घराकडं ठेवून चालली आहे. बुजली तर पळत घरीच जाईल."

मामलेदारांनी आईला गप्प बसायची खूण केली आणि मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

* * *

सायखेड्याचे एक बागाईतदार पाटील होते. अंगानं पहिलवान, आवाज असा की गॅरेजचा पत्रा हलायचा. पाटलीणबाईंना डोंगर दाखवायला निघाले होते. मी म्हटलं, "पाटील, रस्ता सोपा आहे, तरी थोडा घाट आहे."

"आरं, आमी गोदेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून पल्याड जातो. घाटाचं काय कवतिक सांगतो?"

पहिल्या वळणावर पाटलांचा आवाज बंद झाला. दुसऱ्या वळणावर मी मागे पाहिलं तर सीटवर फक्त पाटलीणबाई. पाटील पडले की काय? तर पाटील गाडीच्या तळाशी, पाय ठेवतात तिथे बसले होते, तोंडावर फेटा ओढून.

पाटलीणबाई मान उंच करून पाहत होत्या. "अवं, जरा वर तर बघा. किती लांबवर दिसतंय."

फेट्यातून आवाज आला, "तूच बघ. घरी गेल्यावर मला सांग."

पुढे पाटील गावात घाटाचं वर्णन फार रंगवून करायचे म्हणे, आणि बाई शेजारी बसून काय काय दिसलं त्याची आठवण करून द्यायच्या. मला त्या दिवशी पाटलांचा हेवा वाटला. भीती वाटली की खाली बसता यायचं त्यांना.

* * *

सुरगाण्याच्या बाजूला मात्र तांब्याचंही चाललं नाही. तिकडे झाडी फार सुंदर, म्हणून चाचा नवा रस्ता शोधायला निघाले. वाटेत डोक्यावर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं घेतलेला एक माणूस भेटला. मी विचारलं, "पुढचा रस्ता सोपा आहे का?"

"लय सोपा. माझी आय रोज जाते."

अर्धा मैल गेलो आणि चाचांनी करकचून ब्रेक दाबला. बॉनेटच्या पुढे हातभर मुरूम होता, त्याच्या पुढे काही नव्हतं. कडा! मला गाडीतून उतरताही येईना.

मागून तो माणूस पोतं घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, इथं तर रस्ता संपला."

"संपला कुठं? ह्यो काय, खाली जातो." कड्यावरून एक पाऊलवाट सरळ खाली उतरत होती आणि त्या वाटेनं एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन वर येत होती. तीच त्याची आई.

ती वर आली, मोळी टेकवली आणि उभी राहिली. चाचांनी तांब्याचं फडकं सोडलं आणि पाणी तिला प्यायला दिलं. मला म्हणाले, "लिहून घे. रस्ता नापास, म्हातारी पास."

मग तो अर्धा मैल आम्ही उलटे आलो. गाडी वळवायलासुद्धा जागा नव्हती.

* * *

तांब्याची अब्रू गेली ती एका हेडमास्तरांच्या बाईंमुळे. रस्ता मऊ मुरुमाचा होता, एक खड्डा नाही, फडकं साफ कोरडं आलेलं. पण तो रस्ता डोंगराच्या अंगानं असा कोरलेला होता की एका बाजूला नुसती हवा. अर्ध्या वाटेवर बाई म्हणाल्या, "गाडी थांबवा." उतरल्या आणि डोंगराला हात लावत परत चालायला लागल्या. मास्तर त्यांच्या मागे, आणि त्यांच्या मागे आमची गाडी. तीन मैल!

गॅरेजात आल्यावर मास्तर अण्णांना म्हणाले, "तुम्ही रस्ता सोपा आहे म्हणून सांगितलं होतं."

अण्णांनी चाचांकडे पाहिलं. "फडकं कोरडं होतं ना?"

चाचा काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "तांब्याला काय होतंय? त्याला डोळे आहेत का?"

मंडळी गेल्यावर अण्णा विचारात पडले. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. आता रस्ता पाहायला जाताना गाडीत एक भित्रं माणूस पाहिजे. ते घाबरलं की रस्ता नापास. पण असं माणूस आणायचं कुठून?"

मी खाली मान घालून चाकात हवा भरत होतो. चाचा म्हणाले, "हा दत्तू आहे ना."

माझ्या हातातला पंप थांबला. अण्णा खो खो हसायला लागले. "दत्तू? तो ड्रायव्हर आहे, चाचा!"

"ड्रायव्हर आहे म्हणून तर घाबरल्याचं नाटक चांगलं करील. माणसं कुठे भितात ते त्याला ठाऊक आहे," चाचा म्हणाले.

तेव्हापासून घाबरणं हे माझं काम झालं. मी पाय गार पडले की सांगायचं, "इथे नको," आणि अण्णांनी तो रस्ता वहीत खोडायचा. माझ्या पसंतीच्या रस्त्याला कुणाची कधी तक्रार आली नाही. दत्तूचे रस्ते म्हणून लोक मागून घ्यायला लागले. अण्णा म्हणायचे, काय हुबेहूब नाटक करतो हा! चाचा तेव्हा दुसरीकडे बघायचे.

* * *

हा शेवटचा.

दोन हिवाळ्यांनंतर चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ते मालेगावला लेकीकडे राहायला जाणार होते. अण्णा मला म्हणाले, "आता घाटातल्या पार्ट्या तुझ्याकडे. पण गॅरेजचा नियम तुला माहीत आहे."

नियम असा होता की लोकांची बायकामुलं घाटात नेण्याआधी ड्रायव्हरनं स्वतःची न्यायची. जो आपली माणसं नेत नाही त्याच्या हातात अण्णा लोकांची देत नसत. आजवर बायकामुलं गाडीत असताना घाटात स्टिअरिंग चाचांकडे असायचं. पाटलांसारखा एखादा अपवाद, तोही अगदी सोप्या घाटात. माझ्या तीन रात्री झोपेविना गेल्या. नाही म्हणावं तर नोकरी जाते. हो म्हणावं तर आई, बायको सरू आणि चार वर्षांची लेक मंजू, तिघी माझ्या गार पडणाऱ्या पायांच्या भरवशावर.

निघायच्या सकाळी चाचा गॅरेजात आले. मांडीवर तांब्या, त्याच्या तोंडावर फडकं, माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, "चाचा, आज कशाला? हा रस्ता पाहिलेला आहे."

"तू घरची माणसं घेऊन कुठे पाहिलायस?"

घाट सुरू झाला तेव्हा धुकं होतं आणि मला बरं वाटत होतं. मग ऊन आलं आणि दरी दिसायला लागली. मागे मंजू टाळ्या वाजवत होती. सरू म्हणाली, "अहो, एवढे गप्प का?"

आणि पुढच्याच वळणावर समोरून बैलगाडी आली, गवतानं भरलेली. ती डोंगराच्या बाजूला, म्हणजे मला बाहेरच्या बाजूनं जायला हवं होतं. गाडीवान बैलांची शिंगं धरून उभा राहिला. मी गाडी हळूहळू बाहेर घेतली. चाकाखालून खडे सुटले. ते खाली पडल्याचा आवाज ऐकायला मी थांबलो, तो लवकर आला नाही. माझा पाय ब्रेकवरून हलेना. आई मागून म्हणाली, "दत्तू, काय झालं रे?"

"तांब्या बघ," चाचा हळूच म्हणाले. "काठोकाठ आहे. सांडू नको."

मी तांब्या बघितला. रस्ता बघितला. परत तांब्या. पाणी सांडू द्यायचं नाही, एवढंच मनात ठेवलं आणि वीतवीत गाडी पुढे काढली. गवत टपाला घासत गेलं. मग रस्ता रुंद झाला.

वर माळावर पोचलो तेव्हा मी गाडीतून उडीच मारली. चाचांनी तांब्या पुढे केला. फडकं कोरडं ठणठणीत! मी ते आईला दाखवलं, सरूला दाखवलं, कोरडं म्हणजे काय आणि पिळता आलं म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला रडू येत होतं, ते मी खोकल्यावर नेलं.

मंजू म्हणाली, "बाबा, पाणी."

मी फडकं सोडलं आणि तांब्या तिच्या तोंडाशी तिरका केला. काही आलं नाही. आत हात घातला. तळापर्यंत कोरडा.

मी चाचांकडे पाहिलं. ते आपल्या धूसर डोळ्यांनी दरीकडे बघत बसले होते.

"चाचा, पाणी?"

"अरे हो," चाचा म्हणाले. "सकाळी भरायचंच राहिलं बघ."

सरूनं टोपलीतून फिरकीचा तांब्या काढून मंजूला पाणी दिलं. आम्ही भाकरी खाल्ली, डोंगर पाहिले. ऊन उतरायच्या आत निघायचं ठरलं. मी हँडल मारलं, मागे तिघी बसल्या, चाचा पुढे बसले. समोर सगळा उतार दिसत होता. चाचा रिकामा तांब्या पायाशी ठेवायला वाकले.

मी म्हटलं, "चाचा, मांडीवर घ्या तो. आणि फडकं बांधा."