दोनशे सतराचं तिसरं कडवं

पंपवाला साधं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. तीस वर्षं चालू मोटारींच्या शेजारी काढलेली. इमारतीच्या तळघरात घोटाभर पाण्यात बसून चौथ्या मजल्यावरच्या माणसाला "नळ बंद करा" म्हणून सांगायचं, तर आवाज पोटातूनच काढावा लागतो. त्यात राग कायम नाकावर. गिऱ्हाइकाने "जरा लवकर होईल का?" असं विचारलं, की हा पाना खाली ठेवून म्हणे, "मग तुम्हीच करा ना!" तरी लोक त्यालाच बोलवत, कारण त्याने दुरुस्त केलेला पंप पाच वर्षं गळत नसे.

चर्चमध्ये मात्र हाच माणूस मुका. भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर उभा राहायचा, गीतपुस्तक उघडं धरायचा आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचा. सूर नावाची गोष्ट देवाने त्याच्या वाट्याला दिलीच नव्हती. गायची ती त्याची बायको. आठवडाभर इस्पितळातल्या फाटक्या चादरी शिवायची आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन फळ्यावर त्या दिवसाच्या गीतांचे आकडे लावायची. तिची बहीण, म्हणजे पंपवाल्याची मेहुणी, ऑर्गन वाजवायची. पायाने भाता हलवायचा, जुना, दमेकरी ऑर्गन.

आता त्या चर्चच्या मंडळीची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. गीत चार कडव्यांचं असलं, की तिसरं गाळायचं. का, ते कुणाला ठाऊक नाही. कधीकाळी कुणा पाळकाचं प्रवचन लांबलं असेल, कुणी घड्याळाकडे बघितलं असेल, आणि तिथून जी सवय लागली ती लागली. कुणाला सांगावं लागत नसे. दुसरं कडवं संपलं, की अख्खी मंडळी आपोआप चौथ्यावर उडी मारायची.

बायकोचा ह्यावर जन्माचा राग.

"पहिल्यात स्तुती, दुसऱ्यात आभार, चौथ्यात स्वर्ग," ती घरी येऊन पिशवी आपटत म्हणायची. "माणूस कुठाय ह्यात? माणूस तिसऱ्यात असतो, अहो. नेमका त्यालाच बाहेर उभा करतात!"

आणि दोनशे सतरा नंबरच्या गीतावर तर तिचा विशेष जीव. त्याचं तिसरं कडवं असं होतं:

हाक मारिली, उत्तर नाही, बंद तुझे का दार?
दिवस उजाडे, दिवस मावळे, उतरत नाही भार.
जाऊ कोठे? कोणा सांगू? तूच दिली ही पीड.
आलो नाही हात जोडुनी, आलो घेउन चीड.

"बघा," ती म्हणायची, "शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी देवाला तोंडावर सुनावलंय, तेही चालीत. आणि ह्यांना घरी जायची घाई."

मग ती आजारी पडली. दोन वर्षं. पोटात काही ठरेना, केस गेले, बोटं इतकी बारीक झाली की अंगठी दोऱ्याने बांधावी लागली. मंडळीतल्या बायका दर बुधवारी यायच्या, पलंगाभोवती बसून आनंदाची गाणी म्हणायच्या, टाळ्याही वाजवायच्या. पंपवाला स्वयंपाकघरात चहा करता करता दात चावायचा. अरे, बाई इथे कण्हतेय आणि तुम्ही टाळ्या कसल्या पिटताय? शेवटच्या महिन्यात तिने त्याचा हात धरून सांगितलं, "माझ्या वेळी दोनशे सतरा घ्या. तिसरं गाळू देऊ नका. शब्द द्या." त्याने दिला.

मंगळवारी सकाळी ती गेली. दुपारी हा पाळकांच्या कचेरीत हजर. पाळक वयाने तरुण, गोड बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले.

"दोनशे सतरा," पंपवाला म्हणाला. "चारही कडवी. तिने सांगून ठेवलंय."

"सुंदर गीत आहे, काका. नक्की घेऊ."

"चारही."

"बघू या."

ह्या "बघू या"चा अर्थ त्याला तेव्हाच कळायला हवा होता. हसून दिलेला नकार होता तो. पण बायको इस्पितळाच्या शवागारात होती, आणि त्या दिवशी त्याला भांडायचं त्राण नव्हतं.

गुरुवारी सकाळी चर्चमध्ये प्रत्येक बाकावर छापील कागद ठेवलेले. वर तिचा फोटो, खाली गीत. पंपवाल्याने कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. तिसरं कडवं नव्हतंच. चौथं होतं, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात छापलं होतं: ३. म्हणजे चोरी ती चोरी, वर जागा भरून ठेवायची, हरवलंय हे कुणाच्या लक्षातसुद्धा येऊ नये म्हणून.

तो तडक वेदीजवळ पाळकांकडे गेला. शवपेटी तिथेच होती. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेला होता, पण हळू बोलायचं त्याला शिकवलं होतं कुणी?

"हे काय आहे, पाळकसाहेब?"

"काका, प्लीज. लोक येताहेत."

"येऊ द्या. तिसरं कुठाय?"

पाळकांनी त्याला खांबाआड घेतलं. "त्यात 'चीड' असा शब्द आहे, काका. लोक इथे दिलासा घ्यायला येतात. देवासमोर अशी तक्रार घेऊन उभं राहायचं का आपण?"

"मग कुणासमोर राहू? नगरपालिकेत जाऊ?"

"गीत हे अर्पण असतं. अर्पण शुद्ध असावं."

"तिने दोन वर्षं बादलीत ओकत काढली, तेव्हाही रोज प्रार्थना केली. ते शुद्ध होतं का तुमच्या हिशेबात?"

पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "दुःखात माणूस असं बोलतो, काका. मी मनावर घेत नाही."

एवढ्या सगळ्यात त्याला हेच झोंबलं. हा आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या घरात खरं बोलला होता, आणि समोरच्याने त्याला ताप उतरवायची पट्टी लावून परत पाठवलं. त्याने खांदा झटकला आणि ऑर्गनकडे गेला. मेहुणी डोळे पुसत पानं लावत होती.

"चार वेळा वाजव," तो म्हणाला.

"कागदावर तीन आहेत, भाऊजी."

"तुझी सख्खी बहीण आहे त्या पेटीत."

"माहितेय मला!" ती दबक्या आवाजात फिस्कारली. "पण मला रविवारी परत ह्याच स्टुलावर बसायचंय. तीनच वाजवणार मी."

"वाजव. मी माझं बघतो."

उपासना सुरू झाली. वचन वाचलं, तिच्याबद्दल चार गोड शब्द बोलले गेले. त्यांतल्या एकातही ती नव्हती. जी बाई आकड्यांची पट्टी उलटी लागली म्हणून चर्चच्या कारभाऱ्यांना सगळ्यांदेखत झापायची, तिला इथे सोशिक आणि मृदुभाषी केलेलं. मग दोनशे सतरा. सगळे उभे राहिले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पंपवाला ओठ मिटून. ऑर्गनने श्वास घेतला, मंडळीने कागदावरचं "३" उचललं, आणि भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावरून तळघरातला आवाज आला.

"हाक मारिली, उत्तर नाही!"

चाल तीच, शब्द दुसरे. दोनशे माणसं चौथ्या कडव्यातल्या पैलतीराकडे निघालेली आणि हा एकटा बंद दारावर धडका मारतोय. सूर तर असा की पुढच्या बाकावरच्या म्हातारीने दचकून कानावर हात ठेवला. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा बांध फुटला. शेजारच्या बाकावरचा एक कारभारी लगबगीने आला आणि त्याचा दंड धरून त्याला खाली बसवू लागला. ह्याने कोपराने त्याला दूर लोटलं. तेव्हा पाळक पुढे सरकले, माईक तोंडाजवळ घेतला आणि चौथं कडवं मोठ्याने गायला लागले. भिंतीवरचे चारही स्पीकर घुमले. शेवटची ओळ दोघांनी एकदमच गाठली. ह्याची "चीड" त्यांच्या "पैलतिरास"खाली दबून गेली.

"आमेन," पाळक म्हणाले. मंडळी बसली.

पंपवाला बसला नाही. त्याने ऑर्गनकडे बघितलं. मेहुणीचे हात मांडीवर होते. नको तर नको. त्याने एकट्याने, बिनसाथीचं, तेच कडवं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. माईकपुढे पाळक उभे होते, पण आता त्यांच्याकडे वर चढवायला गाणंच उरलं नव्हतं. ह्याचा आवाज फाटला, सूर दोनदा घसरला, "भार" म्हणताना श्वास पुरला नाही, तिथे थांबून त्याने परत उचललं. "आलो घेउन चीड," म्हणून झाल्यावर तो शवपेटीकडे बघत म्हणाला, "झालं. आता म्हणा आमेन."

कुणी म्हटलं नाही.

उपासना संपली. पेटी उचलायला माणसं पुढे झाली. पंपवाला ताठ मानेने ऑर्गनपाशी येऊन उभा राहिला. आतून त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं. शब्द पाळला होता. मेहुणीने ऑर्गनचं झाकण इतक्या जोरात आपटलं की आत काहीतरी वाजलं.

"सगळं पाठ होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"होतं तर. एवढी वर्षं तिच्या तोंडून ऐकत आलो."

"मग दोन वर्षांत एकदा तरी तिच्याबरोबर का नाही म्हटलंत?"

मेहुणी एवढ्यावर थांबली नाही.

"रोज संध्याकाळी म्हणायची ती. मला विनवायची, कुणीतरी बरोबर म्हणा गं, एकटीने म्हटलं की नुसती कुरकुर वाटते. मी घाबरट, मी नाही म्हटलं. माझं मी भोगेन. पण तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात, भाऊजी. दार उघडं असायचं!"

पाळकांना उत्तर होतं, कारभाऱ्याला कोपर होतं. हिला काय द्यायचं? एरवी चार मजले चढणारा आवाज त्याने पहिल्यांदाच खाली आणला.

"लाज वाटायची," तो म्हणाला. "सूर नाही मला."

"तिने सूर मागितला होता का?"

बाहेर कुणीतरी त्याला हाक मारत होतं. पेटी गाडीत ठेवायला घरचा माणूस हवा होता. त्याला स्वतःची अशी चीड आली होती की पाय हलेनात. मेहुणीने त्याची बाही धरून त्याला दारापर्यंत ओढत नेलं, आणि वाटेत एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.