दातांचं यंत्र आणि माझा दोर

चाळीस वर्षं झाडावर चढलो, एकदाही पडलो नाही. पडलो तो हातात यंत्र आल्यावर. पडलो मी, आणि कामावरून हाकललं कोणाला? खाली उभं राहून ज्यानं मला वाचवलं, त्याला! हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. म्हणून लिहून ठेवतो. शाळा माझी दुसरीपर्यंत. काना-मात्रा सुनेनं नीट केल्या, पण शब्दाला हात लावशील तर खबरदार, असं तिला बजावलं आहे.

माझं काम फांद्या छाटायचं. विजेच्या तारांवर झुकलेल्या, घरांवर आलेल्या, रस्त्यावर लोंबणाऱ्या. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सडकेच्या दोन्ही अंगांचे कडुनिंब मी नावानिशी नाही तरी फांदीनिशी ओळखतो. मी वर आणि भाई खाली, अशी आमची जोडी. भाई म्हणजे माझ्याच वयाचा, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा, पाच वेळा नमाज पढणारा आणि पन्नास वेळा मला शिव्या देणारा माणूस. रक्ताचं नातं नाही. पण चाळीस वर्षं माझा जीव ज्याच्या हातात होता, त्याला आणखी काय म्हणायचं?

आमची रीत सोपी. अंबाडीचा दोर वरच्या जाड बेचक्यातून टाकायचा. एक टोक माझ्या कमरेला. दुसऱ्या टोकाचे भाई खोडाला तीन वेढे घेणार आणि उरलेली शेव, म्हणजे दोराचं शेवटचं टोक, हातात धरणार. मी चढलो की तो दोर ओढून घेणार, मी घसरलो की वेढे आवळणार. वर फिरायला मी त्याच दोरावर एक सरकगाठ मारत असे. हातानं ढकलली तर सरकते, अंगाचा भार पडला तर गच्च बसते. ती गाठ मला बापानं शिकवली, बापाला त्याच्या बापानं.

बापानं आणखी एक शिकवलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. आमच्याकडे बैल कधी नव्हता. मग बाप दोर अंगणात पसरायचा, जवसाचं तेल कोमट करायचा, त्यात हळद कालवायचा आणि टोकापासून टोकापर्यंत दोर चोळायचा. म्हणायचा, वर्षभर यानं आपल्याला वाह्यलं, एक दिवस याची सेवा. अंबाडीचा दोर तेल पितो, मऊ होतो, पावसात कुजत नाही. मीही दरसाल तसंच करत आलो.

तर त्या वर्षी आमच्या ठेकेदारानं यंत्र आणायचं काढलं. कापसानं सगळ्यांना झोपवलं होतं ती ही वर्षं. पावसानं ताण दिला होता आणि निंदणाच्या दिवसांत शेतकरी विळे-कुऱ्हाडी घेऊन ठेकेदाराच्या फाटकाशी उभे राहत. जे काम द्याल ते करतो म्हणत. त्यांना मी दोष देत नाही. पण त्यामुळे ठेकेदाराची जीभ सैल सुटली. कोणाला काढायचं तर त्याला आता विचार करावा लागत नव्हता.

त्यानं मला बोलावलं आणि टेबलावर चित्रांचं पुस्तक टाकलं. पान भरून यंत्रं. बरीचशी मला खेळणी वाटली. पण दोन नीट पाहिली. एक मुठीचं. मुठीच्या वर खाच, खाचेत फिरणारा लोखंडी तुकडा, त्याला बारीक दात. वर ढकललं की सरकतं, खाली ओढलं की दोराला चावतं. दुसरं बिनदातांचं. त्यात दोर वाकडातिकडा वळून जातो आणि भार पडला की चिमटीत सापडल्यासारखा दबून थांबतो. माझ्या सरकगाठीचंच काम, पण लोखंडात.

मी म्हटलं, "साहेब, हे बिनदातांचं घ्या. माह्या गाठीच्या जातीचं हाय. अन् यानं खालीही उतरता येईन. दातवालं फक्त चढते, उतराले दुसरं लागन."

"ते मुठीचं मजबूत दिसते," ठेकेदार म्हणाला.

"दिसते मजबूत. पण जे चावते ते दोर खाते."

"तुम्ही किती शिकले, काका?"

बसला दगड! आठ दिवसांनी मुठीचीच यंत्रं आली. सोबत एक घडीचा कागद होता, प्लास्टिकमध्ये बंद. तो त्यानं न फोडता खणात टाकला. मी विचारलं, दोर कोणता लागतो? म्हणे, दोर तो दोर, त्यात काय विचारता.

आता याला काय म्हणावं? इंग्रजी अक्षर येत नसलं तरी आकडा मला येतो. यंत्रावर कोरलं होतं: ११, मग एक आडवी रेघ, मग १३. माझा अंबाडीचा दोर त्या खाचेत शिरतच नव्हता. मी यंत्र पिशवीत घालून स्वतःच अकोल्याला गेलो. जठारपेठेतला दुकानदार नायलॉनच्या वेटोळ्यांमागे बसला होता. मी एकेक दोर खाचेत घालून ओढून पाहू लागलो.

"बाप्पा, दोर घेता का घोड्याचा लगाम?" तो म्हणाला.

"जीव टांगाचा हाय त्याच्यावर. तुमी बसा गपचूप."

"बसतो. पण संध्याकायी दुकान बंद करतो मी, हे ध्यानात ठेवा."

सातवा दोर बसला. पांढरा, वरून विणलेला, आत धाग्यांचा गाभा. घरी आणला आणि भाईला दाखवला. त्यानं तो बोटांत चोळून पाहिला.

"नवरी हाय बे ही. तुह्यासारख्या म्हाताऱ्याले कोणं देली?"

नवा दोर घरात आला आणि चार दिवसांनी पोळा. मी काय केलं असेल ते वाचणाऱ्याला आता कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नाही. अंगणात दोन्ही दोर पसरले, तेल कोमट केलं, हळद कालवली. नव्यालाही माखलं, जुन्यालाही. नव्यानं तेल अंबाडीसारखं प्यायलं नाही, वरच राहिलं. मला वाटलं, नवा आहे, लाजतो, हळूहळू पिईल.

पोळ्यानंतरचं पहिलं काम नांदगाव पेठेच्या अलीकडे. तारेवर आलेला मोठा कडुनिंब. ठेकेदार स्वतः पाहायला आला होता. नवा दोर बेचक्यातून टाकला, बुडाशी खोडाला पक्का बांधला. यंत्र लावलं, कमरपट्ट्याला अडकवलं. भाईनं तेवढ्यात अंबाडीचा दोरही आणला.

"हा बी बांध कमरेले."

"कायले? यंत्र हाय ना."

"बांध म्हणतो ना! नाई तर मी चाललो घरी."

ठेकेदार हसला. म्हणाला, दोन-दोन दोर, तुम्ही झाडावर चढून राह्यले का विहिरीत उतरून राह्यले? मला लाज वाटली. तरी भाईचं तोंड पाहून बांधला.

पहिल्या फांदीपर्यंत यंत्र छान चाललं. खरं सांगतो, मनात म्हटलंही, बापाला हे मिळालं असतं तर त्याचे गुडघे वाचले असते. तारेच्या उंचीला पोचलो, कुऱ्हाड काढायला अंगाचा भार सोडला, आणि यंत्र सरकलं. चावलंच नाही. सरसर खाली. दोन पुरुष उंचीएवढा खाली आलो असेन, तेवढ्यात कमरेला हिसका बसला आणि मी खोडावर आदळून थांबलो. अंबाडीचा दोर ताणला गेला होता. खाली भाई खोडाला पाय लावून, पाठीवर पडून, दोन्ही हातांनी शेव धरून होता. तळहात सोलून निघाले होते त्याचे.

हळूहळू त्यानं मला उतरवलं. मी जमिनीवर बसलो. आणि ठेकेदार काय म्हणाला?

"या दुसऱ्या दोरानं झालं. यानं खालून ओढलं म्हणून यंत्र सुटलं."

मी उठून उभा राहिलो. "यंत्र खोटं हाय तुमचं! यानं ओढलं नसतं तर माही राख झाली असती आज!"

"यंत्र बाहेरदेशचं आहे, खोटं नसते. खोटं असन तर तुमचा माणूस. उद्यापासून हा नाही. फाटकापाशी वीस जण उभे आहेत."

भाईनं सोललेले हात कमरेच्या रुमालाला पुसले, रुमाल खांद्यावर टाकला आणि निघाला. चाळीस वर्षांत तो गप्प राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या घरी म्हातारी आई, विधवा बहीण, सगळं त्याच्या त्या दोन हातांवर. आणि दुसरं काम कोण देणार त्या दिवसांत? माणूस खाली पाडणारा, असं नाव एकदा लागलं की कोणाच्या दोराला हात लावू देत नाहीत.

मी गल्लीभर बोंबललो. यंत्र खोटं, ठेकेदार खोटा. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र घेऊन बसलो, की याची खोट शोधून त्याच्या तोंडावर फेकतो. दात पाहायला गेलो तर दात दिसेनात. बाभळीच्या काट्यानं कोरलं, तर पिवळा गोळा निघाला. तेल, हळद आणि दोराचा भुसा. दातादातात भरलेला.

काटा हातात तसाच राहिला.

यंत्र खोटं नव्हतं. भाई खोटा नव्हता. बापाची रीत नव्या दोराला लावणारा मी होतो. मग मी काय केलं? यंत्र रॉकेलनं धुऊन ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस. ज्यानं मला शाळा विचारली, त्याच्यासमोर जाऊन अडाण्यासारखं केलं म्हणायचं? जीभ वळेना. त्या दोन दिवसांचा राग मला ठेकेदारापेक्षा स्वतःवर जास्त आहे. पण ठेकेदारावरचाही कमी झालेला नाही, हे लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी भाईची बहीण आमच्याकडे आली आणि सुनेजवळ विचारू लागली, कुठं धुणीभांडी मिळतील काय. मी आतून ऐकलं. पिशवी उचलली, दोर आणि यंत्र घातलं आणि ठेकेदाराच्या कचेरीत गेलो.

"खणातला तो कागद काढा."

"कोणता कागद?"

"यंत्रासंग आलता तो. प्लास्टिकातला."

शोधायला वेळ लागला. निघाला तेव्हाही प्लास्टिकातच होता. मी तो कचेरीत लिहायला बसणाऱ्या बाईंना दिला, वाचा म्हटलं. बाई इंग्रजी वाचत, मराठीत सांगत गेल्या. दोर इतका जाड हवा. दोर कोरडा हवा. तेल, ग्रीस लागलेल्या दोरावर यंत्र घसरू शकते, वापरू नये. दुसरा जपणुकीचा दोर असावा.

"पुन्हा सांगा ते शेवटचं," मी म्हणालो. बाईंनी पुन्हा सांगितलं.

मग मी पिवळा दोर टेबलावर टाकला. "दोराले तेल मी लावलं. चूक माही. भाईची नाई. कागद तुमच्या खणात होता अन् तुमाले वाचता येते. ती चूक तुमची. अन् दुसरा दोर पाह्यजे म्हणून ज्यानं सांगतलं, त्याले तुमी हाकललं."

ठेकेदार लाल झाला. "म्हणजे तुम्हालाच काढाले पाह्यजे."

"काढा. फाटकापाशी वीस उभे हायत ना, पाठवा एकाले त्या कडुनिंबावर. मी चढीन तर खाली भाई असन. नाई तर दोघंही नाई."

ठेकेदारानं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. ती बिचारी कापूस वेचणारी माणसं, तारेजवळच्या झाडावर कोण चढणार? मग म्हणाला, "सोमवारी या." माफी मागितली नाही. आजपर्यंत मागितली नाही.

मी तडक भाईच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता, तळहातांना कसलासा लेप. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"अबे, दोर हातात घेतला तवाच जवसाचा वास आला. वाटलं, या पागलनं नवरीले बी हळद लावली. म्हणून तं दुसरा दोर बांधला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग तवाच सांगतलं काऊन नाई?"

"ठेकेदारासमोर? तुही चूक काढली असती तं तू जिद्दीनं तसाच वर गेला असता अन् तिसरा दोर माह्या गळ्याले बांधला असता."

"अन् त्यानं तुले हाकललं तवा?"

"तवा तू यंत्राले शिव्या देऊन राह्यला होता. मी म्हटलं, देऊ दे. याचंच याले कवा समजते ते पाहू." मग आत पाहून ओरडला, "चाय टाक वं! दोन दिवस उशिरा आला, पण आला."

त्यावर मी त्याच्याशी भांडलो, चहा होईपर्यंत आणि चहा झाल्यावरही. माझा जीव टांगणीला, त्याची रोजी गेलेली, आणि हा माणूस पाहत बसतो!

तेलकट दोर मी शेजाऱ्याच्या म्हशीला दिला. अकोल्याहून नवा आणला. सोमवारी त्याच कडुनिंबावर चढलो, दोन्ही दोर बांधून, आणि यंत्र असं चावलं की काढताना बोट सोलवटलं. पुढं ते यंत्र मी बरीच वर्षं वापरलं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

पण दरसाल पोळ्याला आठ दिवस राहिले की भाई यायचा आणि नायलॉनचा दोर खांद्यावर टाकून आपल्या घरी घेऊन जायचा. पोळा झाल्यावर आणून द्यायचा. माझाच दोर, आणि माझ्यापासूनच लपवून ठेवायचा! मी काय ल्हान पोरगं आहे? दरसाल मी त्याच्या ओट्यावर जाऊन भांडत असे. दोर काही त्यानं कधी दिला नाही.