पिक्चरमधल्या माणसाला सरकीचा वास आला

या सदराविरुद्ध मी संपादकांना दोनदा पत्र लिहिलं आहे. भुताखेतांच्या गोष्टी छापून तुम्ही गरिबांच्या डोक्यात पुन्हा तोच कचरा भरताय, असं दोन्ही वेळा ठणकावलं होतं. आज त्याच सदरासाठी लिहितोय, याची लाज वाटते... तरी लिहितो. घडलेलं दडवणं मला त्याहून वाईट वाटतं.

मी पूर्णेचा. वडील – आम्ही त्यांना दादा म्हणतो – रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. धर्मांतर केलं तेव्हाच आजोबांनी घरातले देव नदीत सोडले. मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. नामांतराची, मजुरीची, बुवाबाजीविरुद्धची. पुढे तीच पत्रकं मी लिहायला लागलो. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. स्टेशनकडून मोंढ्याच्या बाजाराकडे जाताना एक लांबट गोदाम होतं. विटांच्या भिंती, वर पत्रे. मधे आडभिंत घालून दोन भाग केलेले. एकात कुणा अडत्याची सरकीची पोती, दुसऱ्यात बालाजीशेठचं व्हिडिओ सेंटर. लायसन नव्हतं. म्हणून शो सुरू झाला की बालाजीशेठ शटर ओढून बाहेरून कुलूप लावायचा आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा. पोलीस आले तरी त्यांना बंद गोदाम दिसायचं. आत बसणाऱ्यांनाही यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

इंग्रजी पिक्चर असला की मला बोलावणं यायचं. टीव्हीशेजारी स्टुलावर बसून संवाद मराठीत सांगायचे. बदल्यात मध्यंतरात पत्रकं वाटू द्यायची, असा आमचा करार. दादा पुढच्या बाकावर असायचे. पिक्चरशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपला पोरगा इंग्रजी समजावून सांगतो, हे बघायला यायचे. त्यांना दमा आहे, त्यात आतला पंखा कायम बंद, पण ऐकायचे नाहीत.

त्या दुपारचा पिक्चर एका औषधाचा होता. एक साधा कारकून. प्रयोगशाळेतल्या गोळ्या त्याच्या हाती लागतात. गोळी खाल्ली की मेंदू तुफान चालतो – कुठलीही भाषा येते, भिंतीपलीकडचं कळतं, पुढं काय होणार ते आधी दिसतं. मग गोळ्या बनवणारेच त्याच्या जिवावर उठतात.

"मास्टर, वो गोरा इत्ता लंबा बोला," गफूरचाचा टांगेवाले मागून म्हणाले, "तुमी दोनच शब्द सांगितले. बाकीचे खिशात घातले क्या?"

सगळे हसले.

"गफूर, पोरगं कवाधरनं बोलायलंय," दादा म्हणाले. "जरा दम खाऊ दे त्याला."

"दम तू खा, दमेकरी. मास्टर, तुमी बोलो."

मध्यंतरानंतर कारकून एका हॉटेलच्या खोलीत अडकतो. दाराबाहेर मारेकरी. मी सांगत होतो... आणि सांगता सांगता म्हणालो, "तो म्हणतोय, धुराचा वास यायलाय. भितीपल्याड सरकी जळायलीय."

"अमेरिकेत सरकी कोण घ्यायलंय?" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

मी दचकलो. मी नेहमी पुस्तकी मराठीत सांगतो, शाळेत शिकवल्यासारखं. हे वाक्य आमच्या घरच्या बोलीत आलं होतं. 'चुकलो' म्हणायला तोंड उघडलं – आणि तोंड पुढंच बोलत राहिलं. आवाज माझाच. वाक्यं माझी नव्हती, आणि मला थांबता येत नव्हतं.

"दार बाहेरून बंद हाय. ठोकून कुणी येणार न्हाई. टीव्हीमागच्या भितीत खिडकी हाय, बुजवलेली. विटा चिखलात बसवल्यात, वरून गिलावा. म्हाताऱ्याला आधी काढा."

दादांना ठसका लागला. मग गफूरचाचांनी नाक वर करून हुंगलं. आडभिंतीच्या वर, पत्र्याखालच्या फटीतून धूर येत होता. पिवळट, जड.

सगळे शटरकडे धावले. हातांनी, बाकांनी पत्रा बडवला. आता एक सांगायला हवं – आमच्याकडं मारामारीचा सीन आला की लोक बाक आणि शटर बडवतातच. दर शोला. बाहेर बालाजीशेठ टपरीवाल्याला म्हणाला म्हणे, "फायटिंग लागली वाटतं." आणि बशीत चहा ओतला.

लाईट गेली. टीव्ही विझला. दादा बाकावरून खाली सरकले होते, त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी अजून स्टुलावरच होतो.

गफूरचाचांनी माझा दंड धरला. "मास्टर, खिडकी बोले ना तुमी? किधर?"

"मला माहीत नाही, चाचा. ते पिक्चरमधला म्हणाला."

"कोई भी बोला हो. किधर?"

मी अंधारात हात टेकवला. कुठे टेकवतोय हे न बघता. त्याच जागी चौघांनी बाक आदळला. गिलावा पडला. आणखी आदळला, तशा विटा बाहेरच्या नाल्याकडे कोसळल्या आणि ऊन आत आलं. विटांमध्ये चुना नव्हता, चिखल होता. आधी दादांना काढलं, मग बाकीचे. शेवटचा मी.

कुणी मेलं नाही. गोदाम संपलं.

मग मी उत्तर शोधायला लागलो. वास माझ्या नाकाला आधी आला असेल, मला न कळता – हे मी मान्य करतो. पण खिडकी? भिंतीला दोन्हीकडून गिलावा होता. बालाजीशेठ भाडेकरू, त्याला पत्ता नव्हता. मोंढ्यातल्या म्हाताऱ्या हमालांनाही तिथं खिडकी असल्याचं आठवत नाही. कॅसेट जळाली होती, म्हणून परभणीला जाऊन तोच पिक्चर पुन्हा पाहिला. त्या जागी संवादच नाही. तो माणूस पलंगावर गोळी हातात घेऊन बसलेला आहे, गप्प.

इकडे घरासमोर लोक नारळ घेऊन यायला लागले. मी बुवांविरुद्ध लिहिणारा, आणि आमचेच लोक म्हणायचे, याच्या अंगात येतं. मानवतचा एक पोरगा तर वेगळंच मागायला आला. "भाऊ, दहावीला पुन्यांदा बसायलोय. ती गोळी तुमी खाल्ली म्हणं. अर्धी तरी द्या." मी हसलो. तो हसला नाही. नाही म्हणावं तर मी लपवतोय, गप्प बसावं तर मी सिद्धपुरुष... पुन्हा बाहेरून कुलूप लागल्यासारखं झालं.

शेवटी मी पत्रक लिहिलं. धुराचा वास नाकाला येतो, देवाला नाही, असं. दादांनी ते बोट ठेवत सावकाश वाचलं.

"यात खिडकी कुठाय?"

"ती समजावता येत नाही, दादा."

"मग तसं लिव. समजलं न्हाई म्हणून लिव. खिडकी व्हती म्हणून मी हितं बसलोय."

ते पत्रक मी छापलं नाही. त्याऐवजी हे लिहितोय. माझं मत तसूभर बदललेलं नाही. नारळ आणणाऱ्याला मी आजही उंबऱ्यातूनच परत पाठवतो. एखाद्या वाचकाकडे सरळ, हिशेबात बसणारं उत्तर असेल तर मला ते हवंच आहे.

फक्त उत्तर देताना एक लक्षात घ्या. परभणीला दुसऱ्यांदा पाहताना ती हॉटेलची खोली मी कोपरा न् कोपरा पाहिली. तो माणूस तिथं एकटाच होता. ‘म्हाताऱ्याला आधी काढा’ म्हणायला तिथं म्हातारा कुणी नव्हता.