कुळथाच्या मुळांवरच्या गाठी

आम्ही कसालला लग्नाला गेलो आणि इथे काकाने आमचा अर्धा कुळीथ उपटला.

भात कापून झालं की आई घरामागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्याच त्या छोट्या तुकड्यात, कुळीथ पेरते. आमची वर्षाची पिठी त्यातूनच होते. संध्याकाळी येऊन बघतो तर बांधावर कोवळ्या रोपांचा ढीग, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून काका.

"वाचयलंय तुमका," म्हणाला. "मुळांक गाठी इल्यात. रोग आसा."

गेल्या वर्षी त्याची वांगी मुळांना गाठी येऊन मेली. तेव्हापासून गाठ दिसली की काका डॉक्टर! अहो, पण वांग्याची ती गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ओढून सुटत नाही. कुळथाची मण्यासारखी बाजूला चिकटलेली, बोटाने सुटते. तिच्यात जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतलं नत्र देतात. हे शाळेत शिकवलंय, हवं तर बाईंच्या आवाजात म्हणून दाखवतो.

मी एक गाठ नखाने फोडून त्याच्या नाकाखाली धरली. आत लालसर. "बघ, जिवंत आसा! काम करता!"

"रगात आसा ता," काका म्हणाला. "बघलंस? कुसला सगळा."

आता काय बोलायचं ह्या माणसाशी? डोकं फिरलं की मी नकला करायला लागतो. काका दिवसभर मोबाईलवर बघतो त्या शेतीवाल्याचा आवाज काढला, "शेतकरी मित्रांनो, चांगलं पीक कसं मारावं, ते आज पाहू!"

आई हसली नाही. तिची नजर काकाच्या पिशवीवर होती. आत औषधाची बाटली. उरलेल्या अर्ध्याच्या मुळांत ओतायला आणलेली!

मुंबईला नोकरी केलेला काका रागावला की शुद्ध बोलतो. "वहिनी, तुम्हाला यातलं काही कळत नाही. बाजूला व्हा."

आई कुळथाच्या मधोमध फतकल मारून बसली. "भावजी, ओतूचा आसात तर आदी माझ्या टकलेर ओता."

बाटली पिशवीत परत गेली.

उरलेला कुळीथ छान आला. पिठी मात्र निम्मीच झाली. आणि काका वाडीभर सांगत सुटलाय, "रोगट तेवढो येळेर काढलंय, म्हणान बाकीचो वाचलो." लोक माना डोलवतात हो!

आज आईने त्यातलीच थोडी पिठी बांधून माझ्या हातात दिली. "काकाक नेऊन दी रे. घरचोच माणूस तो."

तेच तर! चोर असता तर पोलिसांत तरी गेलो असतो.