सोवळ्यातली आग

ये, अशी सरक इकडे. कागदावरून बोलावते म्हणून काय दारातूनच ऐकायचं? आणि आधी तुझा कान दे, जरा पिळायचा आहे. पत्रात काय लिहितेस, तर पोरीच्या शाळेत स्काउटवाले लहान मुलांना आगीची तालीम देऊन राहिले, आणि तो सगळा वेळ वाया. काहून गं वाया? तुझ्या पणजोबांना विचारायला हवं होतं. ते आता नाहीत, तर मीच सांगते. बस नीट.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना नवानवा उभा राहिला होता आणि तुझे आजोबा तिथे कारकून लागले होते. आम्ही जवळच कांचघर मोहल्ल्यात, दोन खोल्या, एक देवघर आणि पुढे अंगण. सगळी गल्ली म्हणायची, शत्रूची विमानं आज येतात की उद्या. कांचघरावर बॉम्ब टाकून कुणाचं काय भलं होणार होतं ते कुणी सांगेना, पण आपल्यावरही बॉम्ब पडू शकतो या विचारानं लोक थोडे ताठ चालायला लागले होते, हे मात्र मी पाहिलं.

त्यातच लहान मुलांचं स्काउटचं पथक निघालं. सहा ते नऊ वर्षांची अकरा पोरं. शिकवणाऱ्या शाळेच्या बाई बदली होऊन गेल्या, दुसरं कुणी मिळेना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरची. पण दर रविवारी दोन तास नऊवारीवर गळ्यात निळा रुमाल बांधून मी मैदानावर जायची, आणि तिथे मी कुणाची सून नव्हते. तिथे पोरांनी मला दीदी म्हणायचं असा नियम होता. म्हणत काकूच, ते सोड.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तुझ्या पणजोबांना, हे पसंत नव्हतं. तहसिलीतून पेन्शन घेतलेला माणूस, घरातही हुकूम लेखी द्यावा अशा आवाजात बोलायचे. म्हणाले, "सूनबाई, वरून तपासणी आहे ना पुढल्या महिन्यात? तोवर जा. त्या दिवशी एक जरी गोष्ट वाकडी झाली, तर दुसऱ्या रविवारपासून तू घरात. रुमाल पेटीत."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दोन तासांसाठी मी जीव टाकायची, तुला खरं सांगते.

शिकवायचं पुस्तक इंग्रजी. तुझे आजोबा जेवताना वाचायचे आणि घास गिळता गिळता मराठी करून सांगायचे. त्यात पहिलाच नियम, भोंगा झाला की टेबलाखाली शिरा. आता आमच्या गल्लीत सगळे पाटावर बसणारे, टेबल आणायचं कुठून? एकच होतं, मामंजींचं, तहसिलीच्या लिलावात घेतलेलं. मग पोरांना तोच नियम शिकवला, विमान आलं की जिथे असाल तिथून पळत आमच्या घरी यायचं आणि मामंजींच्या टेबलाखाली शिरायचं. पळत यायला पाच मिनिटं. शत्रू तेवढा थांबेल असं आम्ही धरून चाललो. अकरा पोरांपैकी टेबलाखाली मावायची सात. उरलेल्या चौघांनी धीर धरायचा.

त्या पोरांत शेजारची एक सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली. सर्वांत लहान आणि प्रश्न सर्वांत मोठे. एकदा आगीची तालीम चालली असताना म्हणते, "काकू, आजोबा सोवळ्यात असले आणि तेव्हाच पेटले तर? त्यांना शिवायचं कसं?"

मी घरी येऊन पुस्तकात पाहायला लावलं. तुझे आजोबा पानं उलटून म्हणाले, "नाही इथे. इंग्रजांचे आजोबा पूजेला बसत नसावेत."

मग मी आपल्या डोक्यानं नियम केला. चौथा नियम: माणूस सोवळ्यात असेल तर आधी विचारायचं, "शिवू का?" हो म्हणाला की शिवायचं. मला फार अभिमान वाटला गं त्या नियमाचा. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाला जे सुचलं नाही ते मला सुचलं! पोरांकडून दर रविवारी घोकून घेतला.

तपासणी आमच्याच अंगणात ठरली, टेबल तिथे होतं म्हणून. सकाळी नऊची वेळ. तपासणीच्या बाई आल्या दहाला. आणि दहा ही मामंजींच्या पूजेची वेळ. मी दबकत विचारलं, आज अर्धा तास पुढे सरकवता का? मामंजी म्हणाले, "देव काही सरकारी नोकर नाही." रेशमी मुकटा नेसून, खांद्यावर सोवळ्यातला पंचा टाकून देवघरात गेले. देवघराचं दार अंगणातच उघडायचं. त्या दाराशी मी दातपडक्या पोरीला पहाऱ्यावर ठेवलं, आतून काही लागलं तर सांगायला.

इकडे तालीम सुरू. झाडूला लाल ओढणी बांधली होती, ती आग. शिट्टी वाजली, पोरं दोन ओळींत उभी राहिली, मोजणी झाली, पाण्याचे लोटे हातोहात निघाले. बाई वहीत लिहून राहिल्या होत्या, "बहुत अच्छे, बहुत अच्छे." मी मनात पुढचे रविवार मोजत होते.

तेवढ्यात पहाऱ्यावरची पोरगी पळत आली आणि माझा पदर ओढून म्हणते, "काकू, खरी आग यातच धरायची का वेगळी?"

आणि मी काय म्हणावं? "आधी ओळीत उभी राहा! आणि काकू नाही, दीदी!"

बिचारी ओळीत उभी राहिली. हात मात्र वर केला. बाई कौतुकानं म्हणाल्या, "देखिए, कितना अनुशासन है!"

मग मला सुती कापड जळल्याचा वास आला.

वळून पाहते तर मामंजी डोळे मिटून जपाला बसलेले, ओठ हलून राहिलेले, आणि फूल वाहताना मागे लोंबलेलं पंच्याचं टोक शेजारच्या समईतून ज्योत घेऊन पाठीवरून वर चढून राहिलेलं. मी धावले. पोरंही लोटे घेऊन धावली. आणि उंबऱ्याशी सगळी थांबली. लपवत कशाला, मीसुद्धा थांबले. मी ओवळ्यात होते ना! इतकी वर्षं तो उंबरा पायांना माहीत होता, पाय आपोआप थबकले.

दहा पोरांनी एका सुरात विचारलं, "आजोबा, शिवू का?"

मामंजी मौनात. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. म्हणजे गप्प बसा.

"अरे, ये लोग पूछ क्या रहे हैं?" बाई मागून ओरडल्या.

दाराबाहेरच्या खुंटीवर मामंजींची लोकरीची धाबळी टांगलेली असायची. लोकरीला विटाळ नाही, धाबळी नेसली की माणूस सोवळ्यात, हे आपल्याकडच्या लहान लेकरालाही ठाऊक. दातपडकी एका पाटावर चढली, उडी मारून धाबळी ओढली, आणि मामंजींवर टाकायची सोडून आधी स्वतःच नेसली. एक वेढा, मग दुसरा वेढा. नेसून झाल्यावर उंबरा ओलांडून तिनं मामंजींच्या पाठीला घट्ट मिठी मारली. लोकरीखाली ज्योत विझली. आणि मग, पाचवा नियम पाण्याचा होता म्हणून, बाकीच्या दहांनी दहा लोटे आत ओतले. मामंजी भिजले, समई विझली, देव तर पार पोहायला लागले.

मामंजींनी डोळे उघडले. पहिला प्रश्न पोरीला, "शिवलीस?"

"नाही आजोबा. आधी धाबळी नेसले, मग मिठी मारली."

मामंजी विचारात पडले. शास्त्रात खोट निघेना.

बाई तर टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. त्यांनी वहीत लिहिलं की आगीचं प्रात्यक्षिक अगदी खऱ्यासारखं झालं, आणि जाताना हात जोडून म्हणाल्या, "बाबूजी ने बहुत अच्छा अभिनय किया." म्हणजे कागदावर एकही गोष्ट वाकडी झाली नव्हती. पण कागदाला काय विचारायचं? मामंजींच्या पाठीवर फोड आला होता आणि रोज कोरफड मीच लावत होते. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. शनिवारी दुपारी मी निळा रुमाल घडी करून पेटीत ठेवला. रडले नाही, असं म्हणते लोकांना.

तर देवघरातून ठोकण्याचा आवाज. जाऊन पाहते तर मामंजी दाराच्या चौकटीला, जमिनीपासून दोन हातांवर, खिळा ठोकून राहिलेले. धाबळी त्याला टांगली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सहा वर्षांच्या पोरीला पाटावर चढावं लागतं, हे काही तयारीचं लक्षण नाही, सूनबाई. आणि तो चौथा नियम खोडून टाक."

"मग विचारायचं नाही?"

"जळत्या माणसाला विचारू नये. तो हो म्हणत नाही. आमच्यासारखा तर नाहीच." आणि हातोडी ठेवता ठेवता म्हणाले, "उद्या रविवार आहे ना? ती पोरं नवाला बोलाव. मी पूजा आठालाच आटपतो."

त्यानंतर पथक मी कितीतरी वर्षं चालवलं गं.

तो खिळा अजून तिथेच आहे. येणाजाणाऱ्याच्या पदराला लागतो, माझी दोन लुगडी फाटली, तुझे आजोबा जन्मभर त्याला शिव्या देत राहिले, पण काढला कुणी नाही. तुझी पोरगी आता सहाची झाली ना? मग उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट काहून पाहतेस? घेऊन ये तिला लवकर. तिचा हात पोचतो का ते मला पाहायचं आहे. नसेल पोचत, तर हातोडी कुठे ठेवली आहे ते मला ठाऊक आहे.