सहा रपटे आणि माझी बारी

हे मी परवापरवापर्यंत कुठंच बोलले नव्हते. नवऱ्याजवळ नाही, स्टाफरूममध्ये नाही — आणि आमच्या स्टाफरूममध्ये मूळव्याधीपासून सासूपर्यंत काहीही वर्ज्य नाही. डायरीत लिहावं म्हणून दोनदा बसले. दोन्ही वेळा हवामानाबद्दल लिहून उठले. तसं पाहिलं तर ही गोष्ट हवामानाचीच आहे. पण तेवढीच असती, तर अठ्ठावीस वर्षं तोंड शिवून बसले असते का मी?

सत्कारापासून सुरुवात करते. मागच्या महिन्यात वरोऱ्यात माझा सत्कार झाला. आदर्श शिक्षिका म्हणून. उकाड्यात शाल, नारळ, आणि काचेत बसवलेलं एक सोनेरी काहीतरी — मोर असावा, किंवा ज्ञानज्योत. अशा समारंभांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. वीस वर्षं लोकांच्या सत्कारांत मागच्या रांगेत बसून मी पेपर तपासले आहेत. पण स्वतःची पाळी आली तेव्हा मी नवी साडी नेसून वेळेआधी अर्धा तास हजर होते, हेही सांगून टाकते. आज सगळंच सांगायचं आहे.

सूत्रसंचालकानं माझी कहाणी सांगितली. ही कहाणी तालुक्यात बरीच वर्षं फिरते आहे आणि दर खेपेला वाढते आहे. खेड्यातली मुलगी, जुनी सायकल, उघडं माळरान, समोरून वारा — आणि ती वाऱ्याला छाती देऊन रोज शाळेत जाते. आमचं गाव वरोऱ्यापासून नऊ किलोमीटर. मध्यंतरी ते पंधरा झालं होतं. या वेळी बावीस होतं. आणि या वेळी वाटेत वाघही भेटला. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाशिवाय सत्कार पुरा होत नसावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण पुष्पा बसली होती. सगळ्यांत जोरात तिनं वाजवल्या.

वाघाचं मला काही वाटलं नाही. घाम फुटला तो वाऱ्याच्या वाक्याला.

तुम्ही आमच्याकडचा वारा पाहिला आहे का? लोकांना आमचा जिल्हा म्हटला की जंगल दिसतं. पण वरोऱ्याच्या पश्चिमेला, वर्धा नदीच्या अंगाला जंगल नाही. नुसती काळी जमीन, ताटासारखी सपाट. कपाशी, सोयाबीन, कुठं ज्वारी. मृग लागला की नदीकडून वारा सुटतो आणि दोन-अडीच महिने थांबत नाही. भादव्यात ज्वारी डोक्याएवढी झाली की सडकेला जरा आडोसा होतो. त्याआधी पिकं वीतभर असतात, बाभळी विरळ असतात, आणि वाऱ्याला अडवायला सायकलवरच्या माणसाशिवाय दुसरं कुणी नसतं. सकाळी शाळेला जाताना तो पाठीत ढकलतो, त्यामुळं वाटतं, चांगला आहे बिचारा. संध्याकाळी परतताना तोंडावर येतो. पायडल मारून मारून मांड्या पेटतात आणि शेजारची बाभूळ हलायचं नाव घेत नाही.

पुष्पानं आणि मी दोन वर्षं ती सडक तुडवली. मी एक इयत्ता पुढं. तिची सायकल नवी, माझी काकांकडून आलेली, जड, ढिल्या चेनची. वाऱ्यात कसं जायचं हे आमच्या गावच्या मुलींना कुणी शिकवावं लागत नसे. एकीनं पुढं राहायचं, दुसरीनं तिच्या मडगार्डला चाक लावून मागं. मागची आडोशात असते, तिला निम्माही जोर लागत नाही. म्हणून बारी ठरलेली. आमच्याकडे पाळीला बारी म्हणतात. सडकेवर सहा रपटे होते — पुरात पाण्याखाली जाणारे ते बुटके पूल. दर रपट्यावर बारी बदलायची. पुढची ओरडायची, "रपटा!" आणि बाजूला व्हायची. हा नियम कुणी लिहिला नव्हता. मोडलाही कुणी नव्हता. पुढं कधीतरी वाचलं की लांब पल्ल्याचे पक्षीसुद्धा असेच बारीबारीनं पुढं होतात.

त्यांच्यात चेन उतरत नाही, एवढाच फरक.

आता आलेच तिथपर्यंत, तर सांगते. माझी चेन उतरायची. पुष्पा "रपटा!" म्हणून ओरडली, की रपट्याच्या खड्ड्यात माझी चेन उतरायची. मी खाली उतरायची, चेन बसवायची, हात काळे करून पुन्हा बसायची. तोवर पुष्पा थांबत नसे, रेंगाळत पुढं जात राहायची. वाऱ्यात थांबलं की पुन्हा वेग धरणं जिवावर येतं. ती म्हणायची, "चाल व, मीच राह्यतो पुढं." आणि मी तिच्या मागं लागायची. असं सहापैकी कधी दोनदा, कधी तीनदा. जुन्या सायकलीचं काय सांगावं?

जुन्या सायकलीचं काहीच सांगायचं नाही. खड्ड्यात चाक गेलं की पायडल झटक्यानं उलटं मारायचं — ढिली चेन असली तर उतरते. पहिल्यांदा चुकून उतरली होती. दुसऱ्यांदापासून मी उतरवली.

एवढंच असतं तर शाळकरी लबाडी म्हणून सोडून दिली असती. कुणी केली नाही अशी? पण एवढंच नाही.

पुष्पाचा दहावीचा निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. त्याच उन्हाळ्यात आईचा दमा वाढला. चूल, विहिरीचं पाणी, दोन म्हशी — घरी एक मुलगी लागणार हे ठरलं. कुठली, ते ठरायचं होतं. रात्री आई-बाबांचं बोलणं मी भिंतीआडून ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण गेली कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की माहीत नव्हतं.

बाबा न्यायी माणूस. त्यांचं म्हणणं असं की अजून एक-दोन वर्षं ज्युनियर कॉलेजची, मग तीन पदवीची, सगळी याच सडकेवर. जिला सडक झेपेल तिनं शिकावं. आणि त्यांना दिसत काय होतं? पुष्पा घरी आली की दोन घास खाऊन दप्तरावर डोकं टाकून झोपायची. मी टक्क जागी, कंदिलाशी पुस्तक घेऊन, आणि हात कोपरापर्यंत काळे. चेनच्या तेलानं काळे झालेले हात पाहून बाबांना वाटायचं, पोरगी किती राबते.

गुणपत्रिका घेऊन आलो त्या संध्याकाळी वारा फार होता. पुष्पा झोपली होती. बाबांनी मला ओसरीवर बोलावलं.

"खरं सांग बाई. वाऱ्यात पुढं कोण राह्यते?"

मी म्हणाले, "मी."

मग मीच पुढं म्हणाले — कुणी विचारलं नव्हतं — "पुष्पी दमते हो बाबा. तिले नाई झेपत."

बस. दोन वाक्यं. पहिलं एक वेळ घाबरून निघालं असं म्हणता येईल. दुसरं?

पुष्पाचं शिक्षण दहावीला थांबलं. ती दोन दिवस रडली, मग म्हशींकडं गेली. बाबांनी तिला एवढंच सांगितलं की तुझ्या देहाला ही सडक सोसत नाही, आणि तिला ते पटलं — ती खरंच तर दमून झोपत होती. बाबा गेले. आई गेली. मी पदवी घेतली, बीएड केलं, शाळेत लागले, आणि माझी कहाणी बावीस किलोमीटरची झाली.

पुष्पाचं सासर त्याच सडकेवर, आमच्या गावाच्या थोडं पुढं. नवरा बरा आहे, शेती बरी आहे. ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणजे खिचडी शिजवते, मुलं गोळा करून आणते, आणि खरं सांगायचं तर शिकवतेही तीच. यंदा तिथल्या सेविकेची जागा रिकामी होते आहे. मदतनीसांना बढती मिळू शकते, पण बारावी लागते. आता नाही जमली तर पुढं वय निघून जाईल. बाहेरून बारावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याची मुदत संपत आली होती.

सत्कारानंतरच्या रविवारी पेढे घेऊन मी तिच्याकडे गेले. ती ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"ये व बाई, आदर्श! वाघ कुठी भेटला तुले? मले तं दोन वर्षांत कोल्हा बी नाई दिसला."

आम्ही हसलो. मग मी फॉर्मचं काढलं. भरलास का?

"नाई भरत मी. काऊन हसं करून घेऊ?" सूप पाखडत, अगदी सहज म्हणाली ती. "मी पहिल्यापासूनच कच्ची, ताई. तुह्या सायकलीचा तं जीवच गेला होता, घडीघडी चेन उतरे. तरी तू जागी राहून अभ्यास करे. अन् मी नव्या सायकलीवर बसून मेल्यासारखी झोपो. बाबानं ओळखलं होतं मले. सडकच नाई झेपली, आता या वयात पुस्तक काय झेपणार?"

मी सत्कारात बसले होते तेव्हा वाटलं होतं, हे ओझं माझं आहे. माझ्यापुरतं आहे. मेले की संपेल. आणि इथं ही बाई माझं खोटं अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या अंगावर वागवत होती, आणि त्याला स्वतःचा स्वभाव समजत होती.

"चेन उतरत नव्हती, पुष्पा," मी म्हणाले. "मी उतरवत होते."

तिचे हात थांबले नाहीत लगेच. खडा सापडला होता, तो तिनं आधी बाजूला टाकला.

"रोज?"

"रोज नाही. वारा असला की."

"वारा तं रोजच राहे."

बाबांचा प्रश्न सांगितला. माझं उत्तर सांगितलं — दोन्ही वाक्यं. भिंतीआडून ऐकलेलंही सांगितलं. ते गाळायचा मोह झाला होता. ती सुपाकडं बघत होती. म्हणाली, "म्हंजे मी दोघींचं ओढत होती." प्रश्न नव्हता तो. हिशोब चुकलेल्या मुलाला बरोबर रीत दाखवल्यावर ते जसं पुटपुटतं, तशी म्हणाली.

मग ती उठली. पेढ्यांचा डबा उचलून माझ्या पिशवीत परत ठेवला.

"जाय तू आता. पाणी येऊन राह्यलं."

आभाळात तसं काही नव्हतं. मी गेले.

त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. कशासाठी करायचा — तिनं मला बरं वाटू द्यावं म्हणून? आमच्या ज्युनियर कॉलेजचा क्लार्क मात्र एक दिवस मला गाठून हसत म्हणाला, "मॅडम, तुमची बहीण भारी तेज आहे. फोटोच्या साईजवरून भांडली माझ्याशी. शेवटल्या दिवशी, शेवटल्या तासात आली अन् फॉर्म भरूनच गेली." कशी आली होती, असं मी विचारलं. "सायकलवर. हे वारं अन् ही बाई! तिची पदवी पाहून मग रिटायर होतो म्हणलं मी." तो गंमत करत होता. मला गंमत वाटली नाही, मला आनंद झाला. इतका की मी त्याला चहा पाजला. अठरा वर्षांत तो पहिलाच.

परवा संध्याकाळी रेल्वे फाटक बंद होतं. मी स्कुटीवर. ट्रक, ऑटो, कपाशीच्या खताच्या गोण्या लादलेला ट्रॅक्टर. आणि सगळ्यांच्या बाजूनं वाट काढत सायकल घेऊन पुष्पा आली आणि माझ्या शेजारीच थांबली. पदर कमरेला खोचलेला, पिशवीत वह्या. तिनं मला पाहिलं. मालगाडी लांबलचक होती, डब्यामागून डबे, आणि ती तेवढा वेळ समोर बघत राहिली. गाडीचा आवाज सरल्यावर म्हणाली,

"बारावीची पुस्तकं हायेत तुह्यापाशी?"

"आहेत."

"मंगळवारी नेईन. इतिहासाचं पहिले काढून ठेव."

एवढंच. तिनं मला माफ केलं असं मी इथं लिहिणार नाही. पुस्तकं मागितली, हे लिहिते. तिच्या बोलण्यात 'ताई' नव्हतं, हेही लिहिते.

फाटक वर गेलं. पलीकडे सडक सरळ नदीकडं जाते, आणि वारा तोंडावर होता — ट्रॅक्टरवाल्याचा गमछा उडून मागच्या ट्रकच्या काचेवर जाऊन बसला, लोक हसले. पुष्पा पायडलवर उभी राहिली, मान खाली घातली आणि निघाली. तिच्यापुढं कुणी नव्हतं. मी स्कुटी कडेला घेतली — पुन्हा तिच्या मागं लागायचं नव्हतं मला — आणि पुष्पा पहिल्या रपट्याच्या उताराला लागेपर्यंत ती सुरू केली नाही.